एक ग्रेन राळ : कलकत्ता, 1838

6 नोव्हेंबर 1838 रोजी दुपारी दोन वाजता कलकत्ता मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात संधिवाताच्या तीन रुग्णांना प्रत्येकी एक ग्रेन गांजाची राळ पातळ करून पाजण्यात आली. ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या जवळपास निम्मे वजन. चार वाजता वॉर्डातून पहिली खबर आली. एक रुग्ण खूप बडबड करू लागला होता, गात होता, आणखी जेवण मागत होता आणि आपण ठणठणीत बरे झालो असे सांगत होता. बाकीचे दोघे जसेच्या तसे होते. सहाच्या खबरीत फरक एवढाच होता, की गाणाऱ्याला आता झोप येऊ लागली होती. आठ वाजता मात्र रात्रपाळीवरचा विद्यार्थी-मदतनीस नवीनचंद्र मित्र याची चिठ्ठी आली. रुग्णाची लक्षणे विचित्र आणि भयावह आहेत, ताबडतोब यावे, असे तिच्यात लिहिले होते.

ही चिठ्ठी ज्यांच्या हातात पडली ते विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी लिमरिकचे आयरिश डॉक्टर, एडिंबरोत शिकलेले. त्या वेळी ते तिशीच्याही आत होते. 1833 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ते बंगालमध्ये आले. 1835 साली मेडिकल कॉलेज निघाले आणि तिथे ते रसायनशास्त्र शिकवू लागले. हिंदुस्थानात येण्याआधीच त्यांचे नाव झाले होते. 1831-32 च्या पटकीच्या साथीत इंग्लंडमधल्या रुग्णांचे रक्त तपासून त्यांनी दाखवले होते की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. त्याच आधारावर टॉमस लॅटा या डॉक्टरने 1832 साली रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. आज प्रत्येक दवाखान्यात टांगलेल्या सलाइनच्या बाटलीची सुरुवात तिथली आहे. हा माणूस मोजणारा, तपासणारा आणि तपासलेले लिहून ठेवणारा होता, एवढे लक्षात ठेवून त्या रात्रीकडे परत वळू.

ओ'शॉनेसी पोहोचले तेव्हा रुग्ण खाटेवर बेशुद्ध पडला होता, पण श्वास संथ होता, नाडी आणि कातडी नेहमीसारखी होती, दिवा जवळ नेला की बाहुल्या लहान होत होत्या. डॉक्टरांनी त्याचा हात सहज वर उचलला आणि सोडला. हात वरच राहिला. मग त्याला बसते केले, हातपाय हवे तसे वाकवून पाहिले. जसे ठेवावेत तसेच ते राहत होते. या सगळ्या गलबल्याने दुसरा रुग्ण जागा झाला. शेजाऱ्याची ती पुतळ्यासारखी गत पाहून त्याला गंमत वाटली, मग तो एकाएकी मोठ्याने हसला आणि चार भुते आपल्याला खाटेसकट हवेत उडवत आहेत असे ओरडू लागला. तिसऱ्यावर परिणाम असा काहीच झाला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याला गांजाची जुनी सवय होती. पहिला रुग्ण रात्री एकच्या सुमारास भानावर आला.

हा सगळा तपशील ओ'शॉनेसींच्या निबंधात आहे. ऑक्टोबर 1839 मध्ये त्यांनी तो कलकत्त्याच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे वाचला. तो सोसायटीच्या वृत्तांतात छापला गेला, एशियाटिक सोसायटीच्या 1839 च्या जर्नलमध्येही आला, आणि 1843 साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकाने पुन्हा छापला. शीर्षक लांबलचक आहे. त्यात गांजाच्या औषधी कल्पांचा, निरोगी शरीरावर होणाऱ्या परिणामांचा आणि धनुर्वात व इतर झटक्यांच्या रोगांतल्या उपयोगाचा उल्लेख आहे. झोपेचा नाही. पण निबंध वाचताना रुग्णामागून रुग्णाच्या नोंदीत झोप येत राहते. कुणी गातो आणि मग झोपतो, कुणी वेदनेने तळमळत असतो आणि मग झोपतो. शोधायचे होते एक आणि नोंदले गेले आणखी एक, यामुळेच हे कागद मला मोलाचे वाटतात. ज्याला आपले म्हणणे सिद्ध करायचे असते त्याच्या नोंदी त्या बाजूला कलण्याची भीती असते. झोपेच्या बाबतीत ओ'शॉनेसींना काही सिद्ध करायचेच नव्हते. त्यांनी ती दिसली तशी, वेळेसकट टिपली.

त्यांनी सुरुवात बाजारातून केली. कलकत्त्यात तेव्हा या झाडाचे चार प्रकार सर्रास मिळत. पाने म्हणजे भांग, तिलाच बंगालीत सिद्धी म्हणत. शेंड्याची चिकट फुले म्हणजे गांजा. निव्वळ राळ म्हणजे चरस. आणि भांगेची मिठाई म्हणजे माजूम. गांजाच्या जुड्या चोवीस-चोवीस झाडांच्या बांधून विकायला येत, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. सिद्धी कशी घोटतात तेही आहे: तीन तोळे पाने थंड पाण्याने धुवायची, वाटायची, त्यात मिरी, काकडीच्या आणि खरबुजाच्या बिया, साखर, दूध आणि तेवढेच पाणी घालायचे. माजुमासाठी मात्र ते थेट कारागिराकडे गेले. अमीर नावाच्या माणसाची कलकत्त्यात भांगबाजांची नामांकित बैठक होती आणि माजूम करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने कल्हईच्या भांड्यात चार औंस सिद्धी आणि तितकेच तूप गरम केले, पाणी घालून ते सगळे आटेपर्यंत ढवळले, मग फडक्यातून पिळून काढले. पाने बाजूला पडली आणि हिरवट तूप उरले. साखरेच्या पाकात दूध आणि हे तूप घालून परातीत थापले, थंड झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या. नवख्याला एक ड्रॅम (तेव्हाचे औषधी माप) पुरतो, मुरलेल्याला तीन लागतात, असे प्रमाणही निबंधात दिले आहे.

अमीरच्या कढईत रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला जे शिकायला मिळाले ते कमी नव्हते. या झाडाचा गुण पाण्यात उतरत नाही, तुपात उतरतो. हलवायाला हे ठाऊक होते. ओ'शॉनेसींनी तुपाच्या जागी स्पिरिट घेतले. गांजाचे राळेने भरलेले शेंडे स्पिरिटात उकळायचे, राळ पूर्ण उतरली की अर्क काढून घ्यायचा, तो उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून सुकवायचा. खाली उरतो तो चिकट अर्क. त्यातले तीन ग्रेन एक ड्रॅम स्पिरिटात विरघळवले की टिंक्चर तयार. हे टिंक्चर थेंबांनी मोजता येते. बाजारातली नशा आणि दवाखान्यातले औषध यांच्यातला फरक त्यांच्या लेखी एवढाच होता, की औषधाची मात्रा सांगता आली पाहिजे. त्यांच्या सगळ्या कामाचे मर्म इथे आहे आणि पुढे शंभर वर्षांनी हे औषध जिथे बुडाले तेही नेमके इथेच.

ग्रंथांची बाजूही त्यांनी सोडली नाही. संस्कृत ग्रंथांत विजयेबद्दल, म्हणजे भांगेबद्दल, काय लिहिले आहे यासाठी एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार यांची मदत त्यांनी घेतली. प्राचीन शिलालेख वाचताना जेम्स प्रिन्सेपच्या शेजारी बसणारे ते हेच कमलाकांत. वैद्यक जाणणारे मधुसूदन गुप्त मेडिकल कॉलेजातच होते. 1836 साली मानवी प्रेताचे विच्छेदन करून त्यांनी जातीचे मोठे वैर अंगावर घेतले होते. फारसी-अरबी परंपरेसाठी हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली (विश्वस्त) सय्यद केरामत अली होते. ओ'शॉनेसींनी या सगळ्यांची नावे घेऊन ऋण मानले आहे. कंपनी सरकारच्या काळात देशी विद्वानांची मदत घेणारे गोरे लेखक पुष्कळ होते, तिची अशी नोंद ठेवणारे थोडे.

ग्रंथ झाल्यावर प्राणी. मध्यम आकाराच्या कुत्र्याला नेपाळी चरसाचे दहा ग्रेन दिले. अर्ध्या तासात तो पेंगू लागला. डुलकी लागे, दचकून जागा होई, शेपूट हलवी, अधाशासारखा खाई, हाक मारली की झोकांड्या खात येई. सहा तासांत पहिल्यासारखा झाला. मांसाहारी प्राण्यांवर, पक्ष्यांवर, माशांवर असर होई. बकरी, मेंढी, घोडा यांसारख्या गवत खाणाऱ्यांवर जवळजवळ होत नसे. कितीही मात्रा दिली तरी एकही प्राणी दगावला नाही किंवा त्याला कळा आल्या नाहीत, हे पाहिल्यावरच त्यांनी माणसांकडे मोर्चा वळवला. तेव्हा हा क्रम कुणी सक्तीने पाळायला लावत नव्हता.

मग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्वतःवर प्रयोग सुरू केले. त्यातला एक मुलगा वागायला सालस. त्याने टिंक्चरचे दहा थेंब घेतले, म्हणजे पाव ग्रेन राळ. वीस मिनिटांत तो मोठ्याने हसू लागला आणि पाहता पाहता दरबारात हुकूम सोडणारा राजा बनला. सोबत्यांना ओळखेना. विद्यार्थीदशा संपून कित्येक वर्षे लोटली असे सांगू लागला, प्रवासाच्या आणि वैभवाच्या हकिगती रचू लागला, धर्म, विज्ञान आणि राजकारण यांवर असे बोलला की त्याला रोज पाहणारे चकित झाले. तीन तास हे चालले आणि एकाएकी थांबले. डोकेदुखी नाही, मळमळ नाही. याच निबंधात संधिवाताचा तो तिसरा रुग्ण आहे, ज्याला याच्या चौपट मात्रेने काहीही झाले नाही. पाव ग्रेनने एक जण राजा होतो, पुऱ्या ग्रेनने दुसऱ्याची पापणीही जड होत नाही. हे दोघे एकाच निबंधाच्या थोड्या पानांत भेटतात. आज झोपेसाठी गांजाचे तेल घ्यावे का असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ही पाने आधी वाचायला देईन.

झोपेच्या दृष्टीने निबंधातली सर्वांत बोलकी नोंद मात्र एका तान्ह्या मुलीची आहे. कलकत्त्यातल्या एका युरोपियन कुटुंबातली ही मुलगी जेमतेम चाळीस दिवसांची होती. सप्टेंबर 1839 मध्ये तिला आचके येऊ लागले. तेव्हाचे सारे नेहमीचे उपाय करून झाले. आचके वाढत गेले, मूल खंगत गेले. 30 सप्टेंबरच्या रात्री दहा वाजता तिच्या जिभेवर टिंक्चरचा एक थेंब ठेवला गेला. या नोंदीच्या हिशेबाने त्यात राळ होती ग्रेनच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे तीन मिलिग्रॅम. काही झाले नाही. दीड तासाने आणखी दोन थेंब दिले. काही मिनिटांत मूल झोपले. मध्ये जागे होऊन रडले, अंगावर पोटभर प्यायले आणि पुन्हा झोपी गेले. सकाळी नऊ वाजता डॉक्टर आले तेव्हा ती झोपलेलीच होती, पण हलवले की जागी होत होती. नाडी, चेहरा, कातडी सगळे ठीक. पुढचे चार दिवस ती अशीच गुंगीत राहिली आणि या काळात आचका आला नाही. नंतर आचके परतले तेव्हा मात्रा वाढवावी लागली, खूपच वाढवावी लागली, कारण शरीराला पहिली मात्रा पुरेना. शेवटी मूल बरे झाले, गुबगुबीत आणि हसरे झाले, असे ओ'शॉनेसी लिहितात.

या नोंदीतली एक गोष्ट एरवी नजरेतून सुटून जाईल. डॉक्टर नुसते झोपेवर खूश नाहीत. मूल हलवल्यावर जागे होते का, नाडी कशी आहे, दूध पिते का, शौचाला होते का, हे ते तपासत आहेत. त्या काळात मुलांना झोपवण्याचे औषध म्हणजे अफू होते, आणि अफूच्या झोपेतून मूल जागे होईलच याची खात्री नसे. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका विसाव्या शतकातही तान्ह्यांना अफूची बाळागोळी चारून जात. पोट भरण्यासाठी दिवसभर बाहेर राहावे लागणाऱ्या त्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही, पण ती झोप कसली होती हे विसरूनही चालणार नाही. भूक राखणारी, जाग येऊ देणारी झोप अफूपेक्षा वेगळी आहे, हे कलकत्त्याच्या त्या पाळण्याशी ओ'शॉनेसींना दिसले. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही.

पिसाळलेला कुत्रा चावून आलेल्या हकीम अब्दुल्लांची हकिगत याहून दुःखद आहे. कुत्रा चावून तीन आठवडे झाले होते, पाण्याच्या नुसत्या नावाने घशाला आचके येत होते. गांजाची राळ गोळ्यांच्या रूपाने दर तासाला दिल्यावर ते शांतपणे बोलू लागले, संत्र्याचा रस चोखू शकले. ते वाचले नाहीत आणि वाचतील असा दावाही ओ'शॉनेसींनी केला नव्हता. ज्याला मरण अटळ आहे त्याची मरणाची वाट तरी कमी यातनेची करता आली, यात त्यांना समाधान होते. वैद्याने कशाचे श्रेय घ्यावे आणि कशाचे घेऊ नये, याची त्यांची जाण इथे दिसते.

1841-42 च्या सुमारास ओ'शॉनेसी रजेवर इंग्लंडला गेले तेव्हा गांजा सोबत होता. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे औषधविक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्यातून अर्क काढला आणि तो पुढे त्यांच्याच नावाने विकला गेला. ओ'शॉनेसी 1843 साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि मग त्यांचे मन दुसरीकडेच वळले. 1839 मध्येच त्यांनी कलकत्त्याजवळ प्रायोगिक तारायंत्राची लाइन टाकली होती. 1850 नंतर हिंदुस्थानभर तारायंत्राचे जाळे उभे करणारे तेच, त्यांना सर ही पदवी मिळाली तीही त्याबद्दल. गांजा मागे राहिला. पण कलकत्त्यात जी गोष्ट समासात होती ती युरोपात मुख्य मजकुरात आली.

लंडनच्या मेरिलबोन इन्फर्मरीतले जॉन क्लेंडिनिंग यांनी 1843 साली आपले अनुभव छापले. झोप आणण्यासाठी अफूऐवजी गांजा देऊन पाहिल्यावर त्यांना आढळले, की भूक मरत नाही आणि मलावरोध होत नाही. जर्मनीत फ्युर्ट गावचे डॉक्टर फ्रोनम्युलर यांनी तर झोप आणणाऱ्या औषधांचा अभ्यासच मांडला. त्यांचा ग्रंथ 1869 चा आहे. निद्रानाशाच्या हजार रुग्णांना त्यांनी गांजाचा अर्क दिला. 530 जणांना चांगला गुण आला, 215 जणांना अर्धवट, 255 जणांना थोडा किंवा मुळीच नाही. त्या काळात तुलनेसाठी दुसरा गट ठेवण्याची, खोटी गोळी देऊन पाहण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे 530 हा आकडा आजच्या अर्थाने पुरावा नाही. पण गुण न आलेल्यांची संख्या लपवलेली नाही, आणि ती चौथाईहून जास्त आहे.

मार्च 1890 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रसेल रेनल्ड्स यांचा लेख आला. तो वाचताना घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दिवसा ज्यांचे सगळे ठीक चालते, पण रात्री जे अंथरुणावर पडतात, पुन्हा उठतात, कपड्यांची आणि कप्प्यांची उचकापाचक करतात, कुणाला तरी भेटायला जायचे आहे म्हणून तयार होऊ लागतात, अशा वृद्धांसाठी झोपताना पाव ते एक तृतीयांश ग्रेन अर्क यासारखे दुसरे औषध आपल्याला सापडले नाही, असे त्यांनी लिहिले. तीस वर्षांच्या अनुभवावर ते बोलत होते. उन्मादाच्या रुग्णांना मात्र हे देण्यात अर्थ नाही असेही त्यांनी सांगितले. रेनल्ड्स राणीच्या वैद्यांपैकी एक. व्हिक्टोरिया राणी स्वतः गांजा घेई अशी जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती त्यांच्यावरून निघाली असणार. तिला कागदाचा आधार नाही आणि या इतिहासाला तिची गरजही नाही. त्यांच्या लेखातला मोलाचा इशारा वेगळाच आहे: अर्काची ताकद बाटलीगणिक बदलते, म्हणून अगदी कमी मात्रेने सुरुवात करा.

ताकद का बदलत होती याचे उत्तर पुन्हा बंगालमध्येच होते. औषधासाठीचा बराचसा गांजा राजशाहीकडच्या नवगाव भागातून येई. ‘गांजा महाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टापूत सरकारी परवान्याने शेती होई आणि नर झाडे वेचून उपटली जात, म्हणजे मादी फुलांत बी न धरता राळ भरे. कलकत्त्याच्या शाही वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांनी 1893 साली या लागवडीवर अहवाल लिहिला. गांजा जितका जुना होईल तितका तो निकामी होतो, हे अबकारी खात्याला पक्के माहीत होते. हाच माल गोदामांत आणि बोटीत महिनोन् महिने पडून लंडनच्या औषधविक्रेत्याकडे पोहोचे. डॉक्टरने लिहिलेला पाव ग्रेन एकदा काहीच करत नसे आणि पुढची ताजी बाटली आली की रुग्णाला घाबरवून सोडी.

त्याच वर्षी, 3 ऑगस्ट 1893 रोजी, कलकत्त्यात इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनची पहिली बैठक भरली. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, आणि सात सदस्यांत ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तीन हिंदी. एक सदस्य होते सर्जन-मेजर वॉर्डन, कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. ओ'शॉनेसींचाच विषय आता त्यांच्याकडे होता. कमिशन देशभर फिरले, 1,193 साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यातल्या लागवडीची माहिती घेताना त्यात आपला अहमदनगर जिल्हाही आला. हजारो पानांच्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा होता, की माफक वापराने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. साक्षींमध्ये हकीम-वैद्यांनी गांजा-भांगेचे औषधी उपयोग सांगितले, पण कमिशनचा प्रश्न महसुलाचा आणि वेडाचा होता. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की गांजाने वेड लागले हे कारण अनेकदा नीट चौकशी न करताच लिहिलेले असे. वॉर्डातल्या नोंदीची शिस्त म्हणजे काय हे कलकत्त्यात पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलेले होते, म्हणून हा भाग वाचताना अधिक खुपतो.

औषध म्हणून गांजा मागे पडला तो बंदीच्याही आधी. 1869 साली क्लोरल हायड्रेट झोपेसाठी वापरात आले; मोजून देता येई आणि दर वेळी तेवढेच काम करी. त्वचेखाली टोचायची सुई आली, आणि पाण्यात न विरघळणाऱ्या राळेला तिच्यात जागा नव्हती. 1903 साली बार्बिट्युरेट जातीतले व्हेरोनल आले. ही औषधे गांजापेक्षा निर्धोक होती असे अजिबात नाही; बार्बिट्युरेटच्या जादा मात्रेने पुढे कितीतरी माणसे झोपेतच गेली. पण त्यांची गोळी म्हणजे गोळी होती. गांजात गुणकारी काय आहे हेच सापडत नव्हते. टीएचसी हा मुख्य घटक शुद्ध रूपात वेगळा केला गेला तो 1964 साली, इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांच्या हातून. तोवर 1932 साली ब्रिटिश आणि 1942 साली अमेरिकन औषधसंहितेतून गांजाचे नाव गेले होते.

आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आणली. पाने, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर राहिली आणि राज्यांच्या हाती गेली. त्यामुळे आयुर्वेदिक औषधांत विजया आजही आहे. जातिफलादि चूर्णात जायफळाच्या सोबतीला तीच असते. गेल्या काही वर्षांत विजयेचा अर्क असलेली तेले झोपेसाठी वैद्यांच्या चिठ्ठीवर विकली जात आहेत. ती विषाच्या यादीतल्या घटकाची औषधे आहेत, वैद्याच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत.

आणि पुरावा? टीएचसीने झोप लवकर लागते असे अनेकांना जाणवते, काही अभ्यासांत तसे दिसतेही. त्याचबरोबर स्वप्नांच्या झोपेचा काळ कमी होतो, काही आठवड्यांत शरीर सरावते आणि मात्रा वाढवावीशी वाटते. रोजच्या सवयीनंतर एकाएकी सोडले तर झोप उडते आणि स्वप्ने तीव्र, त्रासदायक होतात. त्यामुळेच सोडणारा पुन्हा तिकडे वळतो. स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास थांबण्याच्या विकारासाठी) हे वापरू नये असे अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2018 साली स्पष्ट सांगितले. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून सांगितली जाते ती वर्तनोपचाराची पद्धत: झोपेच्या वेळा बांधणे, जाग असताना अंथरुणात न लोळणे, झोपेविषयीची धास्ती कमी करणे. तिला बाटली लागत नाही, पण काही आठवडे चिकाटी लागते आणि शिकवणारा प्रशिक्षित माणूस लागतो. असा माणूस आपल्या तालुक्याच्या गावी अजून क्वचितच भेटतो.

चाळीस दिवसांच्या मुलीच्या नोंदीत सरावाची ही गोष्ट 1839 सालीच उतरली आहे. तीन थेंबांनी चार दिवस गुंगीत राहिलेल्या त्या मुलीला पुढे एका दिवसात शंभराहून जास्त थेंब द्यावे लागले होते. ओ'शॉनेसींनी तो आकडा निबंधात तसाच ठेवला, बऱ्या झालेल्या मुलीच्या आनंदाशेजारी.